चढणींचे लिस्बन

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लिस्बन पाहायला जावे, असे पर्यटनाची पत्रके सांगत नाहीत. त्या सुमारास पावसाच्या सरी सुरू झालेल्या असतात, तेजू नदीवरून येणारा वारा झोंबतो आणि सहाच्या आत अंधार पडतो. आम्ही मात्र तेच दिवस निवडले. ग्रासा टेकडीवर राहणाऱ्या माझ्या महाविद्यालयीन मित्राला आणि वहिनींना तेव्हाच रजा होती, आणि शहर दाखवायचे तर पायीच, तेही उन्हाळ्यातली गर्दी ओसरल्यावर, असा त्या दोघांचा हट्ट होता. माझ्याबरोबर सांगलीत अनेक वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेले आमचे सर होते आणि पुण्यात वास्तुविशारद म्हणून काम करणारी एक मैत्रीण होती. मित्राच्या खालच्या मजल्यावर राहणारे एक वृद्ध दांपत्य पुढे या प्रवासाचे सूत्रधार ठरले. आजोबा मूळचे मडगावचे. १९५७ साली शिकायला म्हणून लिस्बनला आले आणि इथलेच झाले. आजी पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतातल्या. इमारतीतले सगळेच त्यांना तिओ आणि तिया, म्हणजे काका आणि काकू, म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

शुक्रवार : बाइशा

विमानतळ शहराला इतका लागून आहे की भुयारी रेल्वेने अर्ध्या तासात मध्यवस्तीत पोहोचता येते. दुपारची सर थांबताच आम्ही ग्रासा उतरून बाइशात, म्हणजे टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यात आलो. जुन्या युरोपीय शहरात आपण जे वळणावळणाचे बोळ गृहीत धरतो, ते इथे नाहीत. सगळे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. याला कारण १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळचा भूकंप. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता, चर्चे माणसांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. घरे कोसळू लागली तेव्हा लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर नदीतून त्सुनामीची लाट चालून आली. आणि शहराचे जे उरले होते त्यातले बरेचसे पुढे कित्येक दिवस धुमसत राहिलेल्या आगीने गिळले.

राजाचा मंत्री, जो नंतर पोंबालचा मार्केज म्हणून ओळखला गेला, त्याने हा भाग नव्याने आखून घेतला. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी व्यवसायांवरून पडलेली रस्त्यांची नावे ऐकून मैत्रिणीला पुण्यातली तांबट आळी आणि बुरूड आळी आठवली. तिचे खरे लक्ष होते ते मात्र भिंतींकडे. एका दुकानाने दुरुस्तीच्या वेळी भिंतीचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवला होता आणि आत फुलीच्या आकारात बसवलेले लाकडी वासे दिसत होते. दगडविटांच्या आत दडवलेल्या या सांगाड्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. जमीन हादरली की लाकूड लवते आणि बाहेरचा चुना-दगड पडला तरी मजला उभा राहतो, अशी त्यामागची कल्पना आहे. सांगाड्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली गेली, असे सांगतात. मैत्रीण त्या दुकानातून बाहेर यायला तयार नव्हती, आणि शेवटी दुकानदारानेच तिला दुसरी भिंतही दाखवली.

नदीकाठच्या भव्य चौकाला लिस्बनकर अजूनही ‘वाड्याचे पटांगण’ म्हणतात, मात्र तो राजवाडा भूकंपातच नाहीसा झाला. त्या राजवाड्याच्या काळातली एक गोष्ट सरांनी इथे सांगितली. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि मे महिन्यात इथे उतरला. गेंडा आणि हत्ती हे जन्मजात वैरी असतात, हे जुन्या ग्रंथांतले म्हणणे तपासण्यासाठी राजा मानुएलने दोघांना समोरासमोर आणले, तेव्हा हत्तीने गेंड्याला पाहताच धूम ठोकली. पुढे राजाने तो गेंडा पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह तो बुडाला. दरम्यान त्याच्या वर्णनावरून जर्मनीत चित्रकार ड्यूररने काढलेले, जागोजागी चिलखत चढवल्यासारखे दिसणारे चित्र युरोपभर पसरले होते. ड्यूररने स्वतः गेंडा कधीच पाहिला नव्हता, हे सरांनी दोनदा सांगितले.

परतताना रोसियू चौकाजवळच्या साओ दोमिंगुश चर्चमध्ये शिरलो. १९५९ च्या आगीत भाजलेले खांब तसेच ठेवून वर फक्त नवे छत घातले आहे, त्यामुळे आत पाऊल टाकताच जळक्या दगडाचे दर्शन होते. १५०६ साली ज्यूंचे जे हत्याकांड झाले त्याची सुरुवात याच चर्चमधून झाली, आणि त्याचे स्मारक बाहेरच्या चौकात आहे. रोसियूवर आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायासनाचा, वाडा होता. गोव्यात १५६० साली बसलेल्या न्यायासनाचे मूळ इथले, हे कळल्यावर त्या देखण्या खांबांकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहता आले नाही. स्मारकापासून चार पावलांवर जिंजा नावाच्या आंबट चेरीची गोड दारू लहानशा पेल्यात विकणारे जुने दुकान आहे, आणि कोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटची गाडी धूर सोडत उभी असते. त्या फळांची कागदी पुडी हातात धरली की बोटांना ऊब मिळते, आणि नोव्हेंबरात येण्याचे समर्थन करायला तेवढे पुरते.

एक सूचना इथेच करतो. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडांच्या लहान लहान तुकड्यांचे आहेत. ते दिसायला सुंदर असले तरी वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत, आणि पाऊस पडला की उतारावर पाय ठरत नाही. रबरी तळव्यांचे बूट घ्या. छत्रीऐवजी टोपीचे जाकीट बरे, कारण वारा छत्री उलटी करतो.

शनिवार : आल्फामा

खडकावर वसल्यामुळे आल्फामा ही जुनी वस्ती भूकंपातून बऱ्यापैकी वाचली, आणि म्हणून इथे अजूनही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असे बोळ आहेत. मित्राने सकाळीच सगळ्यांचे फोन खिशात ठेवायला लावले. त्याचा नियम सोपा होता : चढ लागला की चढायचे, वर गेल्यावर जिथून नदी दिसेल तिथे बसायचे आणि मग दुसऱ्या वाटेने उतरायचे. या शहरात अशा सज्जांना ‘मिरादोरू’ म्हणतात आणि बहुतेकांवर कॉफीची टपरी असते. वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जाताना एका आजींनी खिडकीतूनच वहिनींना हाक मारून आज दुपारी पुन्हा पाऊस येणार असल्याचे बजावले, आणि त्यानंतर खालच्या बोळातल्या तीन खिडक्यांमधून त्यावर मतभेद व्यक्त झाला.

अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम याच वाटांवरून जाते. तिच्यात बसायची हौस असेल तर अगदी सकाळी जा. एरवी उभे राहायला जागा नसते आणि खिसेकापूंना तेच हवे असते. आम्ही रुळांच्या कडेकडेने चाललो, आणि ट्राममधल्या लोकांपेक्षा अधिक पाहिले असे माझे प्रामाणिक मत आहे.

शहर मूर या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून जिंकल्यानंतर, बाराव्या शतकात बांधायला घेतलेले कॅथेड्रल बहुतेक सगळे पाहतात. त्याच्या अगदी शेजारी अल्जूब नावाची इमारत आहे, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. सालाझारच्या राजवटीत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता आणि १९६५ पर्यंत चालू होता; आता तिथे त्या हुकूमशाहीचे आणि तिच्याविरुद्धच्या लढ्याचे संग्रहालय आहे. कैद्याला एकट्याला डांबण्याच्या कोठड्या इतक्या अरुंद आहेत की पलंगाची फळी पाडली की उभे राहायला जागा उरत नाही. कारागृहाच्या भिंतीपलीकडे कॅथेड्रलची घंटा वाजत असते. वसाहतींतल्या चळवळींना दिलेला मजला सरांनी सावकाश वाचला. गोवामुक्तीचा लढा आपण नेहमी मांडवीच्या काठावरून पाहतो. त्याच दडपशाहीची यंत्रणा इथल्या माणसांवरही चालत होती, हे त्या कोठड्यांसमोर उभे राहिल्यावर जसे कळते तसे पुस्तकातून कळत नाही.

जेवण एका सहा टेबलांच्या खाणावळीत झाले. इथे बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज असे काहीबाही न मागता टेबलावर येते. ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात लागते, नको असेल तर हसून परत द्यावे, कोणी रागावत नाही. शाकाहारी मैत्रिणीसाठी हिरव्या पालेभाजीचे आणि बटाट्याचे सूप मागवले; त्यात शेवटी सॉसेजची चकती टाकायची रीत असल्याने ती टाकू नका, असे आधीच सांगावे लागते. आमच्यासाठी खारवलेला कॉड मासा, बटाट्याच्या सळ्या आणि अंडे एकत्र परतलेला पदार्थ आला. सुकट खात वाढलेल्या माणसाला हा मासा अनोळखी वाटत नाही. खिडकीतल्या आजींचा अंदाज खरा ठरला आणि पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

रविवार : बेलें आणि तिओंच्या घरचे जेवण

तियांना प्रार्थनेसाठी बेलेंच्या जेरोनिमुश मठातल्या चर्चमध्ये जायचे होते, म्हणून आम्हीही निघालो. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना आत फिरता येत नाही, मात्र मागच्या बाकांवर शांतपणे बसायला हरकत नसते. मठ पाहायचा तर दुसरा दिवस निवडावा, आणि सोमवारी तो बंद असतो हे लक्षात ठेवावे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी या मठाचे काम सुरू झाले आणि त्याला आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या कराचा पैसा लागला. खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फाकतात, त्यांवर दोरखंड, कवचे, वनस्पती कोरलेल्या आहेत. दाराजवळ वास्को द गामाचे थडगे आहे आणि समोर कवी कामोंइशचे, ज्याने आयुष्याची काही वर्षे गोव्यात काढली. गामा १५२४ साली कोचीत मरण पावला. तिथे पुरलेले त्याचे अवशेष पंधरा वर्षांनी पोर्तुगालला नेले आणि या मठात ते आले एकोणिसाव्या शतकात. मला या दोघांपेक्षा वेदीजवळची राजांची थडगी अधिक बोलकी वाटली, कारण ती संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहेत. प्रार्थना संपल्यावर तियांनी आम्हाला नेऊन हत्तींचे सुळे दाखवले. नदीकाठचा बेलेंचा मनोरा आम्ही बाहेरूनच पाहिला. त्याच्या एका बुरुजाखाली दगडात कोरलेले गेंड्याचे तोंड आहे, ते झिजले असले तरी शोधल्यास सापडते. १८३७ पासून चालत आलेल्या दुकानातले अंड्याच्या मलईचे टार्ट घ्यायला लांब रांग असते. आत बसून खाणाऱ्यांची रांग वेगळी आणि पुष्कळदा भरभर सरकणारी असते.

तिओ आमच्याबरोबर आले नव्हते, कारण सकाळपासून ते स्वयंपाकात होते. ‘येयात, बसात,’ असे कोंकणीत म्हणत त्यांनी दार उघडले तेव्हा जिन्यापर्यंत नारळाच्या वाटणाचा वास आला होता. कोळंबीची आमटी, भात आणि ‘शामुसा’ या नावाने लिस्बनच्या साध्या कॉफीच्या दुकानांतूनही मिळणारे समोसे होते. तियांनी त्यांच्या गावची पावाची पातळ आमटी केली होती, जिच्यात लसूण, भरपूर कोथिंबीर आणि वर एक अंडे असते. अंडे बाजूला काढून मैत्रिणीने ती तीनदा घेतली. कोथिंबीर इतक्या सढळ हाताने वापरणारा युरोपातला स्वयंपाक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

जेवताना सरांनी विचारल्यावर तिओ बोलू लागले. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ साली तुटले होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा तिओ इथे विद्यार्थी होते आणि घरची पत्रे महिनेच्या महिने येत नव्हती. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते हुकूमशाही गेल्यावर, १९७४ च्या अखेरीस. तिओंनी मडगावचे घर पुन्हा पाहिले ते १९७५ साली. तोपर्यंत वडील गेले होते.

तियांची गोष्ट त्याच्या उलट्या बाजूने सुरू होत होती. त्यांचा थोरला भाऊ सक्तीच्या लष्करी सेवेत गोव्याला पाठवला गेला होता. अखेरच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा आदेश होता. गव्हर्नर वासालू इ सिल्वा यांनी तो न पाळता शरणागती पत्करली आणि तीन हजारांहून अधिक सैनिकांचे प्राण वाचले. ते सगळे १९६२ च्या मे महिन्यापर्यंत गोव्यातल्या छावण्यांत युद्धकैदी होते. तियांचा भाऊ फोंड्याच्या छावणीत होता. तो परतला तेव्हा बंदरावर स्वागताला लष्करी पोलीस बंदुका घेऊन उभे होते आणि घरच्यांना जवळ जाऊ दिले नाही, असे तिया म्हणाल्या. गव्हर्नरांना सैन्यातून बडतर्फ केले गेले, आणि १९७४ नंतरच त्यांचा मान त्यांना परत मिळाला.

सरांनी तिओंना सरळ विचारले, ‘त्या वेळी तुम्ही कोणत्या बाजूचे होता?’

‘त्या वर्षी मला कोणी विचारले नाही,’ तिओ म्हणाले. ‘आता सांगून काय करू? भात घ्या.’

नंतर त्यांनी स्वतः केलेली बेबिंका आली. तिचा एकेक थर भाजायला लागणारा वेळ पाहता त्यांनी ती आदल्या दिवशीच सुरू केली असणार.

सोमवार : काशियाश आणि कार्मूचा चौक

संग्रहालये बंद असण्याचा हा दिवस सरांनी आधीपासून राखून ठेवला होता. काइश दु सुद्रे स्थानकावरून काशकाइशकडे जाणारी लोकल नदीच्या काठाने धावते. जाताना डावीकडे बसावे. साधारण वीस मिनिटांवर काशियाश लागते. स्थानकाजवळ समुद्राला लागून साओ ब्रुनू नावाचा नेटका लहान किल्ला आहे, पण सरांना पाहायचा होता तो हा नव्हे. तुरुंगाचा किल्ला आत, टेकडीवर आहे आणि आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्नच नव्हता आणि छायाचित्रे काढणेही आम्ही टाळले. चढाच्या रस्त्याने जिथवर जाता आले तिथवर गेलो.

आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे या किल्ल्यात होते. सांगलीत जन्मलेले रानडे १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी अवस्थेत पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला हलवण्यात आले. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडके आणि इतर अनेकांनी त्यांच्या सुटकेसाठी चिकाटीने प्रयत्न केले, आणि अखेर १९६९ च्या जानेवारीत रानडे बाहेर आले. सर तेव्हा शाळेत होते, आणि घरातली मोठी माणसे हे नाव कसे घेत असत ते त्यांना आठवत होते. मित्र या शहरात इतकी वर्षे राहतो, या लोकलने समुद्रावर पोहायला जातो. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. परतीच्या गाडीत तो सरांना एकामागून एक प्रश्न विचारत होता.

संध्याकाळी लार्गू दु कार्मू या चौकात गेलो. कार्मूच्या मठाचे छत १७५५ मध्ये कोसळले आणि ते पुन्हा घातलेच नाही. कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. शेजारी राष्ट्रीय रक्षक दलाचे मुख्यालय आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्कराने उठाव केला तेव्हा सालाझारचा वारस मार्सेलू कायतानू याने तिथे आश्रय घेतला, कॅप्टन साल्गैरू माया याच्या तुकडीने इमारतीला वेढा घातला, आणि झाडांवर, कठड्यांवर चढलेल्या गर्दीदेखत संध्याकाळी सत्ता हस्तांतरित झाली. तिया त्या गर्दीत होत्या. कुठल्या झाडाखाली उभ्या होत्या ते त्यांनी दाखवले. तिओंच्या मते झाड दुसरे होते. दुसऱ्या दिवशी रात्री काशियाशचे राजकीय कैदी सुटू लागले. सकाळी पाहिलेली टेकडी आणि हा चौक यांच्यात एवढेच अंतर होते.

खालच्या बाइशातून वर येणाऱ्या सांता जुश्ता या १९०२ च्या लोखंडी उद्वाहनासाठी लोक तासभर उभे राहतात. त्याचा वरचा पूल कार्मूच्या अवशेषांच्या मागूनच निघतो, तेव्हा चालत येणाऱ्याला रांगेशिवाय तिथवर जाता येते. त्या पुलावरून समोर किल्ला आणि खाली बाइशाचे काटकोन दिसतात.

मंगळवार : जुना बाजार

परतीचे विमान संध्याकाळी होते आणि मंगळवार व शनिवार हे फैरा दा लाद्राचे, म्हणजे सांता क्लारा मैदानावरच्या जुन्या बाजाराचे दिवस. ग्रासापासून उतरत गेले की दहा मिनिटांत तिथे पोहोचता येते, आणि बाजारावर राष्ट्रीय समाधिमंदिराचा पांढरा घुमट दिसतो. त्या चर्चचे काम सतराव्या शतकात सुरू झाले आणि घुमट पुरा झाला १९६६ साली, हे ऐकून मैत्रिणीने आपल्या काही प्रकल्पांविषयी समाधान व्यक्त केले. बाजारात फरशा, दिवे, लष्करी पदके, डाव्या पायाचे एकटे बूट असे सगळे मांडलेले असते. जुन्या निळ्या फरशा विकत घेऊ नका. त्यांतल्या बऱ्याच इमारतींवरून चोरलेल्या असतात.

सरांना एका पेटीत पणजीच्या नदीकाठाचे जुने पोस्टकार्ड सापडले. विक्रेत्याने वीस युरो सांगितले. सर पैसे काढणार तोच तिया पुढे झाल्या. कोपरा फाटला आहे, मागे कोणी शाईने हिशेब लिहिला आहे, आणि हे माझे यजमान त्याच गावचे आहेत, माणसाला त्याचेच गाव इतक्या किमतीला विकतात का, असे त्यांनी एका दमात ऐकवले. विक्रेता बाराला आला, मग दहाला. तेवढ्यात तिओंनी चष्मा पुसून कार्ड नीट पाहिले आणि हे आपले गाव नव्हे, आपण मडगावचे, असे स्वच्छ पोर्तुगीजमध्ये सांगून टाकले. भाव पुन्हा पंधरावर गेला. सरांनी ते पंधरा दिले. तिया मात्र घर येईपर्यंत तिओंशी बोलल्या नाहीत.